किलोवर मजुरी आणि दहा मिनिटांचा व्यायाम

वेंगुर्ल्यात एका काजूच्या कारखान्यात मी हजेरी आणि पगाराचं काम बघते. कोण किती वाजता आलं, कुणी किती किलो सोललं, कुणाची दांडी पडली, कुणाला उचल हवी, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे छोट्या शेटनी "आपल्या लोकांसाठी व्यायामाचं काहीतरी सुरू करूया" असं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. आज आमच्याकडे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा काम दहा मिनिटं थांबतं, आणि बायका पडवीत उभ्या राहून पाठ, मान, मनगटं मोकळी करतात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या कारखान्यांतून हल्ली मला विचारणा होते: तुमच्याकडे चालतं, मग आमच्याकडे आठवड्याभरात का बंद पडलं? फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी काजूचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं कामाबद्दल. वाळवलेली बी वाफेवर शिजवून गार केली की कटिंगला जाते. तिथे हातापायाने चालणाऱ्या यंत्रावर एकेक बी ठेवून कवच फोडायचं. कवचातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला एरंडेल चोपडतात नाहीतर मोजे घालतात. आतला गर बोरम्यात, म्हणजे भट्टीच्या खोलीत, तापवला की साल सैल होतं आणि तो पिलिंगला येतो. पिलिंगची बाई छोटी सुरी घेऊन एकेका गराचं साल उतरवते, गर तुटू न देता. अख्ख्या गराला भाव असतो, तुकड्याला नसतो. मग ग्रेडिंग: १८०, २४०, ३२०, म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर. आमच्याकडे सगळ्यात जास्त बायका पिलिंगला आहेत, आणि त्यांची मजुरी किलोवर आहे. पुढे जे घडलं त्याची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे.

सुरुवात तपासणी शिबिराने झाली. दिवाळीनंतर बाहेरून एक पथक आलं. उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. वजनकाट्याजवळचा माणूस आकडा मोठ्याने सांगायचा आणि पलीकडचा लिहायचा. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि बघता बघता अर्धी रांग पिलिंगला परत गेली. मी पथकाला थांबवलं, पडदा लावून घेतला, आत एक बाई बसवली, आणि आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याच्या हातात द्यायचा असं ठरवून घेतलं. मग रांग परत आली. शरीराचा आकडा हा त्या माणसाचा खाजगी आकडा आहे. तो मालकाला, मुकादमाला, शेजारणीला कळता कामा नये. ही हमी पहिल्या दिवशी मिळाली नाही तर पुढच्या कुठल्याही उपक्रमाला माणसं येत नाहीत.

तपासणीत एका छपराखाली दोन वेगळी दुखणी निघाली. पिलिंग आणि कटिंगच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी, काहींचं तर दहाच्याही खाली. बाईचं बाराच्या वर असायला हवं. देशाच्या पाहणीतही २०१९–२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या, तेव्हा आमच्या बायका काही जगावेगळ्या नव्हत्या. आम्हा ऑफिसवाल्यांचं मात्र रक्त ठीक आणि साखर वर. भारतीय बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. ऑफिसातलं जवळजवळ प्रत्येक जण तिच्या पलीकडे होतं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असल्याचं म्हटलं आहे. त्या १३.६ कोटींत आपणही आहोत हे कागदावर दिसलं तेव्हा मी हादरले, कारण माझ्या आईचा पाय मी या आजारात पाहिला आहे.

छोट्या शेटनी पुण्यात नोकरी करताना पावलांची स्पर्धा पाहिली होती. मोबाईलवर पावलं मोजायची, दिवसाला दहा हजार पुरी करायची, महिनाअखेर बक्षीस. तीच आमच्याकडे सुरू झाली. पहिल्या महिन्याचं बक्षीस गेलं पॅकिंगच्या एका मुलाला, जो रोज संध्याकाळी किनाऱ्यावर क्रिकेट खेळतो. दुसऱ्या महिन्यात वॉचमन, ज्याची रात्रभर आवाराला फेरी असते. जे आधीपासून चालत होते ते जिंकत होते आणि जे खुर्चीत होते ते खुर्चीतच राहिले. पिलिंगच्या बायका तर स्पर्धेत नव्हत्याच, कारण खाण्याच्या मालाच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी आहे. त्यांचे फोन दिवसभर खणात बंद. म्हणजे कारखान्यातली संख्येने सगळ्यात मोठी मंडळी स्पर्धेच्या हिशेबातच नव्हती.

हे फक्त वेंगुर्ल्यात घडत नाही, हे मला पुढे फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंकडून कळलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांत सोडत काढून काहींना आरोग्य उपक्रमात बोलावलं आणि काहींना नाही. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. उपक्रमात आपणहून पुढे आलेले लोक आधीपासूनच जास्त निरोगी होते आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्चही आधीपासून कमी होता. उपक्रमामुळे खर्चात, रजांत, व्यायामशाळेत जाण्यात फारसा फरक पडला नाही. त्याच वर्षी तिथल्याच एका दुकानसाखळीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवरचा अभ्यासही आला: दीड वर्षानंतर लोक "आम्ही जास्त व्यायाम करतो" म्हणाले, पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी जिथल्या तिथे. आणि दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकताना पुढे आला. तो कुठल्या वैद्यकाने ठरवून दिलेला नव्हता. हे सगळं कागदावर काढून मी छोट्या शेटना दिलं. त्यांनी वाचलं आणि स्पर्धा थांबवली. शहाणपणाची गोष्ट होती.

मग मी जेवणाच्या सुट्टीत पिलिंगच्या बायकांत जाऊन बसायला लागले. डबा घेऊन जायचं आणि ऐकायचं. तिथल्या थोरल्या काकी, ज्यांचा शब्द सगळ्या मानतात, त्यांनी एकदा सरळ सांगितलं, "ताई, धा मिनटां मी उबी रवलंय तर माझो डबो कोण भरतलो?" डबा म्हणजे सोललेल्या गराचा, ज्याच्या वजनावर मजुरी ठरते. दुसरीने भर घातली, "आनी घराकडे गेल्यार आमका कोण बसूक देता? भात, कालवण, ढोरां, पाणी. व्यायाम आमचो रोजचोच आसा."

या दोन वाक्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पहिलं पैशाचं होतं, दुसरं शरीराचं. शरीराचं आधी सांगते, कारण शेटनीही तेच विचारलं होतं: "दिवसभर राबतत तेंका आनी व्यायाम कित्याक?"

त्यावर डॉक्टर बाईंनी आम्हाला लंडनच्या बसची गोष्ट सांगितली. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसमध्ये, एकाच गावात काम करणारी माणसं. पण दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार जास्त, आणि जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणाऱ्या वाहकांत कमी. शेट लगेच म्हणाले, मग झालं की, आमच्या बायका वाहकांसारख्याच. बाईंनी त्यांना हात धरून पिलिंगच्या दारात नेलं आणि नुसतं बघायला सांगितलं. एक बाई तासाभरात जागची हलत नव्हती. मान खाली, खांदे पुढे, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एवढंच चालू. ही चालकाची बैठक आहे, वाहकाची नाही. हमालांचं उलट: ८० किलोचं पोतं पाठीवर, पण त्या श्रमात विश्रांती नाही, उसंत नाही. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं आहे, की मोकळ्या वेळात आपल्या गतीने केलेली हालचाल हृदयाला उपकारक ठरते, पण पोटासाठी तासन् तास केलेल्या जड कष्टाचा तसा फायदा होत नाही, उलट अपायही होतो. रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. "राबणं म्हणजेच व्यायाम" हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की कष्टकऱ्याच्या दुखण्याकडे बघायचंच राहून जातं. मला याची चीड आहे.

तेव्हा एकच कवायत सगळ्यांना लावायची नाही असं ठरलं. हमालांना व्यायाम नकोच होता. त्यांना ढकलगाडी आणि पोत्याला दोन माणसं हवी होती. ती मिळाली. ज्यांचं हिमोग्लोबिन फार कमी होतं त्या बायकांना आधी ग्रामीण रुग्णालयातून लोहाच्या गोळ्या, आणि गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही ही ताकीद, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. रक्त नाही त्या बाईला उड्या मारायला लावणं हा अन्याय आहे.

पिलिंगसाठी बाईंनी जे बसवलं ते अगदी साधं होतं. उभं राहून दोन्ही तळवे कमरेवर मागून टेकायचे आणि पाठ हळूच मागे वाकवायची, जिथे कळ येईल त्याच्या अलीकडे थांबायचं. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढायची. खांदे कानापर्यंत उचलून सोडून द्यायचे, मग पाठीची दोन्ही फरी एकमेकींकडे आवळायची. हात समोर धरून बोटं खाली, मग वर. मूठ घट्ट, मग बोटं जमेल तेवढी फाकवायची. अंगठ्याला हा प्रकार सगळ्यात जास्त मानवला. टाचा उचलायच्या. बाकावरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं. खांद्यासाठी ताणायला रबरी पट्टा लागतो, तो विकत महाग. आम्ही सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूब आणल्या, साबणाने धुतल्या, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि पडवीच्या खिळ्याला टांगल्या. अजून त्याच चालल्या आहेत.

पण दहा मिनिटं दहा मिनिटांत बसत नव्हती. खाण्याच्या मालाची खोली असल्याने बाहेर पडताना अ‍ॅप्रन आणि टोपी काढायची, परत आत जाताना हात कोपरापर्यंत धुवायचे, पुसायचे, पुन्हा टोपी. नळ मोजके. सगळ्या एकदम बाहेर आल्या की परतताना नळाशी रांग लागायची आणि मुकादम बाई घड्याळ दाखवायच्या. कुणी हात नीट न धुता आत घुसलं तर माल धोक्यात. शेवटी बाकांच्या ओळीप्रमाणे तुकड्या पाडल्या; एक तुकडी आत आली की दुसरी बाहेर. शेटनी दोन नळ वाढवून दिले. बाहेरून व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाला अशा गोष्टी दिसत नाहीत, आणि उपक्रम नेमका इथेच मरतो.

आता पैशाचं. किलोवर मजुरी असलेल्या बाईला "फक्त दहा मिनिटं" म्हणणं म्हणजे तिच्या खिशातून पैसे काढणं आहे. दिवसाची दोन सत्रं, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, हिशेब करून बघा. पहिले काही दिवस मजुरीची सोय न करता आम्ही सुरू केलं होतं तेव्हा बायका शिस्तीत बाहेर आल्या, पण सुट्टीतला डबा पाच मिनिटांत संपवून पुन्हा सुरी हातात घेऊन बसायला लागल्या. म्हणजे व्यायामाने जेवणाची उसंत खाल्ली. हे बघून मी शेटकडे गेले आणि सांगितलं, हा वेळ पगारी करा नाहीतर बंद करा.

शेट तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, घरी करू दे की, कोण अडवतं? त्यावर माझ्याजवळ डॉक्टर बाईंनी दिलेला एक दाखला होता. डेन्मार्कमध्ये तीन रुग्णालयांतल्या २०० महिला आरोग्य कर्मचाऱ्यांचे दोन भाग केले. एका भागाने आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटांचा व्यायाम कामाच्या वेळेत, सहकाऱ्यांसोबत केला. दुसऱ्याने तेवढाच वेळ घरी, स्वतःच्या सवडीने. दहा आठवड्यांनी कामाच्या जागी करणाऱ्यांचं अंगदुखीचं प्रमाण घरी करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं आहे. मी शेटना म्हटलं, तिथल्या बायकांना घरी जमलं नाही, तर इथे संध्याकाळी सहाला तुळस-उभादांड्याला पोचून चूल पेटवणारीला कुठून जमणार? दोन महिने करून बघू. प्रत्येक बाईची मागच्या महिन्याची सरासरी काढू, त्या दराने वीस मिनिटांची भर रोज तिच्या खात्यात टाकू. सोललेल्या मालाचं वजन पडलं तर तुम्ही थांबवा.

त्या हिशेबाचा रकाना मी पगाराच्या वहीत स्वतः आखला. पहिल्या पगाराच्या दिवशी चिठ्ठीवर तो वेगळा आकडा दिसला तेव्हा काकींनी विचारून घेतलं की हा कसला, आणि कळल्यावर आपली जुनी तक्रार मागे घेतली. त्या महिन्यापासून बायकांना बोलवावं लागलं नाही. दोन महिन्यांनी वजन पडलेलं नव्हतं. वाढलं असं मी म्हणणार नाही, कारण बीचा दर्जा, हवेतला दमटपणा, सण-वार यांनीही वजन हलतं. पण पडलं नाही एवढं वहीवरून छातीठोक सांगते. शेटनी पगारी वेळ कायम केला.

बाकी सवयींचं थोडक्यात. बायका पाणी कमी प्यायच्या. बोरम्याशेजारी एप्रिल-मेचा उकाडा, तरी तांब्या भरलेलाच. कारण साधं होतं: संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन येण्यात डब्यातलं वजन कमी होणार. सत्राच्या वेळेला ते जाणंही पगारी झालं आणि माठ रिकामे व्हायला लागले. मशेरीचं मात्र अवघड आहे. सुट्टीत डबी निघते. तंबाखूच ती, भाजलेली असली म्हणून काय झालं. सत्रानंतर लगेच डबी काढायची नाही एवढं काही जणींनी आपसांत ठरवलंय, त्यापुढे गाडी गेलेली नाही. सकाळी घरून नुसता चहा-बटर खाऊन येणाऱ्यांना पेज पिऊन या म्हणून सांगते. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत मूठभर उसळ; आपल्या आज्या शेतावर याच्यावरच जायच्या.

आम्हा ऑफिसवाल्यांना वेगळं लागू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा असं आहे, आणि एका वेळी सलग दहा मिनिटं व्हायलाच हवीत ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. मला याचा मोठा आधार वाटला. जेवण झालं की मी गोदामाच्या पडवीत फेऱ्या घालते. जेवणानंतर चालल्याने साखर एकदम चढत नाही. मुख्य म्हणजे भात. कोकणात दोन्ही वेळा भात सोडणं मला शक्य नाही आणि सोडलाही नाही. ताटातली मूद अर्धी केली, त्या जागी भाजी आणि कुळीथ आले. ऑफिसातला चहा अर्ध्यावर आणला. पुढच्या तपासणीत माझी साखर ५.८ आली. यात चालण्याचा वाटा किती आणि ताटाचा किती हे वेगळं काढता येणार नाही, पण माझा कल ताटाकडे आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं विस्कटायची वेळ आली. इथला पाऊस दोन-दोन दिवस डोळा उघडत नाही. पडवीत झड येते, फरशी निसरडी होते, सागरेश्वरच्या किनाऱ्यावर फिरायला जाणं ऑफिसच्या मंडळींनी सोडून दिलं. बारदानं रचायच्या जागेत कोरडी मोकळी पट्टी काढून सत्रं तिथे नेली. अंधार, कोंदट वास. बायका कंटाळल्या होत्या हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. श्रावणात कुणीतरी म्हणालं, "हेच्यापेक्षा आमची फुगडी बरी!" चतुर्थी जवळ आली की इथे वाडीवाडीत फुगड्यांचा सराव सुरू होतोच. डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उत्तम आहे, फक्त गुडघे दुखणाऱ्या आणि रक्त कमी असलेल्या बायकांनी बसफुगडी घालायची नाही, त्यांनी टाळ्या धरून गाणं म्हणायचं, आणि फरशीवर गोणपाट घालायचं नाही कारण पाय अडकतो.

मग दुपारच्या सत्रात फुगडी आली. पाठीचे प्रकार आधी, शेवटची काही मिनिटं फुगडी. दोघी पाय जुळवून, हात ताणून, मागे भार टाकून गरगरायला लागल्या की धाप लागते, घाम फुटतो, मांड्यांत ताकद लागते. डॉक्टर ज्याला जोरकस व्यायाम म्हणतात तो हाच. कटिंगच्या ज्या तरुण मुली पाठीच्या प्रकारांना लाजून कोपऱ्यात उभ्या राहायच्या, त्या सगळ्यात पुढे. त्यांना पुरुषांच्या नजरेचा त्रास होता. तो आम्ही आधीच हिरवी जाळी बांधून कमी केला होता, पण लाज जायला गाणं लागलं. चतुर्थीच्या सुट्टीत कारखाना रिकामा होतो, तसा तेव्हाही झाला. परतल्यावर सत्र आपोआप सुरू झालं, मला सांगावं लागलं नाही.

फायद्याबद्दल मला जपून बोलायचं आहे, कारण अशा उपक्रमांची जाहिरात फार होते. वर्षानंतरच्या तपासणीत बायकांची वजनं जवळपास तीच होती. रक्तदाबात मी सांगावा असा फरक नाही. हिमोग्लोबिन वाढलं ते गोळ्यांनी आणि खाण्याने. बदललं ते दुखणं. मान आणि कंबर धरून उठणाऱ्या बायका कमी झाल्या. "कंबरेक जरा बरा वाटता" हे मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. बाकावरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ही चाचणी डॉक्टर बाईंनी दोन्ही वेळा घेतली होती, त्यात पन्नाशीपुढच्या बायकांची सुधारणा सगळ्यात जास्त दिसली. साखर उतरेल, वजन घटेल, उत्पादन वाढेल असं सांगून मालकाला तयार करू नका. तीन महिन्यांनी तो आकडे मागेल आणि ते नसतील. त्याला सांगा, बाईची पाठ दुखायची थांबेल आणि तिच्या मजुरीला हात लागणार नाही. एवढ्यासाठी वीस मिनिटांचे पैसे देणं त्याचं कर्तव्य आहे असं मी मानते आणि तसंच बोलते.

कटिंगचं काम अजून लागलेलं नाही. तिथे दिवसभर एक पाय पायट्यावर आणि एक हात दांड्यावर, त्यामुळे एकाच बाजूची कंबर धरते. दहा मिनिटं ताणून ते सुटण्यासारखं नाही, बैठक बदलायला हवी. ग्रेडिंगला उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आम्ही उंच स्टुलं आणली, आणि खरं तर १९४८ चा कारखाने कायदा झाला तेव्हाच उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं कलम त्यात घातलं गेलं होतं. कटिंगसाठी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाठीला टेका असलेली, वर-खाली होणारी एक बैठक नमुन्यासाठी करून घेतली आहे. बायका आळीपाळीने तिच्यावर बसून बघतायत. उंच बायकांना ती बरी पडते. बुटक्या बायकांचा मोकळा पाय अधांतरी राहतो, त्यांना खाली फळी हवी. फळी लावून दुसरा नमुना शिमग्यानंतर येणार आहे. तो जमला की सगळ्या यंत्रांना तशाच बैठका करायच्या असं शेटनी मान्य केलंय.